दिवा घेतलेल्या नर्सची गोष्ट सगळ्यांना माहितीय, मेलेल्यांचा हिशोब मांडणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलची नाही

दरवर्षी १२ मे उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरायला लागतं. डोक्याला पांढरं कापड, हातात दिवा, आजूबाजूला जखमी सैनिक. खाली परिचारिका दिनाच्या शुभेच्छा. शाळेच्या पुस्तकातही तेच चित्र असतं. त्यामुळे फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणजे रात्री दिवा घेऊन फिरणारी प्रेमळ बाई, एवढीच ओळख आपल्याकडे पक्की झाली आहे.

आता गंमत बघा. दिवा घेऊन फिरण्याचे दिवस तिच्या आयुष्यात जेमतेम पावणेदोन वर्षांचे होते. ती जगली नव्वद वर्षं. उरलेल्या काळात तिने जे केलं त्यात दिवा नव्हता. त्यात तक्ते होते, आकडे होते, सरकारला पाठवलेले अहवाल होते. आणि या कामाच्या मुळाशी एक भयंकर प्रश्न होता. आपल्याच इस्पितळात एवढी माणसं का मेली?

श्रीमंत घरची, पण गणितात रमणारी पोर

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील इंग्रज, पण लग्नानंतर ते युरोपच्या लांबच्या सफरीवर होते. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ही मुलगी झाली म्हणून नाव फ्लॉरेन्स. तिची थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली, तर त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून तिचं नाव पार्थेनोपी ठेवलं. यावरून घरची ऐपत लक्षात येईल.

वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवलं. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान. त्या काळात श्रीमंत घरच्या मुलींनी पियानो वाजवावा, भरतकाम करावं आणि तोलामोलाचं स्थळ बघून लग्न करावं अशी रीत होती. फ्लॉरेन्सला मात्र गणिताची ओढ. इतरांच्या मुली कादंबऱ्या वाचायच्या, ही सरकारी आरोग्य अहवालांतले तक्ते वाचत बसायची.

१८३७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलंय असं तिला वाटलं. पुढे ही सेवा म्हणजे रुग्णसेवा हे तिच्या मनात पक्कं होत गेलं. घरात बॉम्ब पडला. कारण तेव्हा इस्पितळातली नर्स म्हणजे दारू पिणारी, कमी पगारावर राबणारी, नाव खराब असलेली बाई अशी समजूत होती. चांगल्या घरची मुलगी हे काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा.

घरच्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाच्या, तिला आवडणाऱ्या माणसाने लग्नाची मागणी घातली. तिने बराच विचार करून नकार दिला. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैझर्सवर्थ इथल्या संस्थेत ती काही महिने शिकून आली. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या इस्पितळाचा कारभार तिच्या हाती आला. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले, त्यावर ती स्वतंत्र राहू लागली.

युद्ध, वर्तमानपत्र आणि स्कुटारी

१८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. लंडनच्या टाइम्सचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल रणांगणावरून बातम्या पाठवू लागला. जखमी सैनिकांना पट्ट्या मिळत नाहीत, बघायला माणूस नाही, हे लोकांनी सकाळच्या चहाबरोबर वाचलं आणि देशभर संताप उसळला.

युद्धखात्याचा मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सच्या ओळखीचा होता. त्याने तिला जायची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ ला ३८ परिचारिकांना घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला पोचली.

तिथलं इस्पितळ म्हणजे तुर्की सैन्याची अवाढव्य जुनी बराक. मैल मैल लांब वाटाव्यात अशा ओवऱ्या, त्यात जमिनीवर ओळीने झोपवलेली माणसं. बादल्या नाहीत, टॉवेल नाहीत, स्वच्छ चादरी नाहीत. उंदीर आणि उवा मात्र भरपूर. त्यात लष्करी डॉक्टरांना बायकांची लुडबूड नको होती. सुरुवातीला तिच्या परिचारिकांना वॉर्डात घेतलंच नाही. पण दुसऱ्याच दिवशी इंकरमनची लढाई झाली, जखमींची रीघ लागली आणि नाइलाजाने दारं उघडली.

तिने काय केलं? टाइम्सच्या वाचकांनी जमवलेल्या निधीतून बाजारातून सामान विकत घेतलं. कपडे धुण्याची सोय केली. आजाऱ्यांना पचेल असं जेवण रांधायला वेगळी चूल मांडली. रात्री शेवटची फेरी स्वतः मारली. हातात असायचा तो घडीचा तुर्की कंदील. चित्रात दाखवतात तो अल्लादिनचा दिवा नव्हे. १८५५ च्या सुरुवातीला लंडनच्या सचित्र साप्ताहिकात तिचं चित्र छापून आलं आणि ती घराघरात पोचली.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. खरी गोष्ट इथून सुरू होते.

ती आली, तरी माणसं मरतच होती

चादरी आल्या, सूप आलं, परिचारिका आल्या. तरीही हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या इस्पितळांत उपचार घेणाऱ्या दर शंभर जणांमागे जवळपास ४३ जण दगावत होते. बहुतेकांचा जीव जखमांनी जात नव्हता. हगवण, कॉलरा आणि टायफस हे खरे मारेकरी होते.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये सरकार बदललं. नव्या सरकारने मार्च १८५५ मध्ये एक स्वच्छता आयोग स्कुटारीला धाडला. त्यात डॉक्टर जॉन सदरलंड आणि इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी बराकीखाली डोकावून पाहिलं तर तुंबलेली गटारं. त्यातून निघणारा वायू थेट वॉर्डात यायचा. पिण्याचं पाणीही घाण होत होतं. आयोगाने गटारं उपसली, आवारातली कुजकी घाण आणि मेलेली जनावरं हलवली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती राहील अशी सोय केली.

जूनपर्यंत मृत्यूंचं प्रमाण शंभरामागे सुमारे दोनवर आलं.

गटार साफ केल्यावर माणसं जगायला लागली. ही गोष्ट आज साधी वाटते. पण रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा कुणी मान्य केलेला नव्हता. घाणेरड्या हवेतून रोग होतो अशीच समजूत होती आणि फ्लॉरेन्सचीही तीच होती. त्या वेळी तिचा भर अन्न, कपडे आणि सामानाच्या तुटवड्यावर होता. सैनिक आघाडीवरून इतके खंगून येतात की त्यांना वाचवणं अवघड जातं, असं तिला वाटायचं.

घरी परतल्यावर उघडलेल्या वह्या

ऑगस्ट १८५६ मध्ये ती परतली. सरकारने जंगी स्वागताची तयारी केली होती, ते टाळून ती गुपचूप घरी गेली. क्रिमियात तिला कडक ताप येऊन गेला होता, त्याने तब्येत कायमची खालावली. पण डोक्यातून मेलेली पोरं जात नव्हती. तिने ठरवलं, लष्कराच्या आरोग्याची चौकशी झालीच पाहिजे. राणी व्हिक्टोरियाला भेटली, मंत्र्यांना भेटली. १८५७ मध्ये सिडनी हर्बर्टच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. बाई असल्यामुळे तिला त्यात जागा नव्हती. मग कमिशनला लागणारी माहिती, प्रश्न, तक्ते सगळं तिच्या खोलीतून जाऊ लागलं.

इथे तिला भेटला विल्यम फार. देशातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातला हा पट्टीचा संख्याशास्त्रज्ञ. दोघं मिळून युद्धाचे आकडे तपासू लागले. पहिली अडचण म्हणजे आकडेच धड नव्हते. स्कुटारीत मृतांच्या वेगवेगळ्या वह्या ठेवल्या जात होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नव्हता. माणूस कशाने मेला हे लिहायची एकसारखी पद्धतही नव्हती.

जुळवाजुळव झाल्यावर जे समोर आलं ते हादरवणारं होतं. जानेवारी १८५५ या एका महिन्यात सैन्यातले २,७६१ जण टाळता येण्यासारख्या साथीच्या रोगांनी मेले होते. जखमांनी मेलेले फक्त ८३. सैन्य तेव्हा सुमारे ३२ हजारांचं. म्हणजे त्याच वेगाने माणसं मरत राहिली असती आणि नवी कुमक आली नसती, तर वर्षभरात निव्वळ रोगराईने अख्खं सैन्य संपलं असतं. बरोबर एक वर्षाने, जानेवारी १८५६ मध्ये, सैन्य ४४ हजारांवर गेलं होतं आणि साथीच्या रोगांचे मृत्यू होते ४२.

आणखी एक गोष्ट तिच्या जिव्हारी लागणारी होती. सगळ्यात जास्त मृत्यू झालेल्या इस्पितळांत तिचं स्कुटारी वरच्या क्रमांकावर होतं. जिथे ती स्वतः राबली, तिथेच. काही चरित्रकारांच्या मते आपल्या इस्पितळाची अस्वच्छता हेच मोठं कारण होतं हे तिला या आकड्यांमुळेच उमगलं आणि त्या धक्क्याने ती मोडून पडली. इतर अभ्यासकांना हे इतकं सरळ वाटत नाही. एवढं मात्र नक्की की १८५७ मध्ये तिची तब्येत ढासळली आणि त्यानंतर कित्येक वर्षं ती बहुतेक वेळ खोलीत, अंथरुणावरच होती.

दुसरं कुणी असतं तर वह्या मिटून ठेवल्या असत्या. सगळा देश देवी मानत होता, कोण विचारणार होतं? तिने उलट केलं. आकडे छापून काढले.

मंत्र्यांना कळेल असं चित्र

तक्ते कोण वाचतो? मंत्री तर नाहीच वाचत, हे तिला पुरतं ठाऊक होतं. म्हणून १८५८ मध्ये तिने एक आकृती तयार केली. वर्तुळाचे बारा भाग, प्रत्येक भाग एका महिन्याचा. महिना जितका जीवघेणा तितकी ती पाकळी मोठी. निळा रंग टाळता येण्यासारख्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. शेजारी शेजारी दोन वर्तुळं ठेवली, एक स्वच्छतेच्या आधीच्या वर्षाचं आणि एक नंतरचं.

पहिल्या वर्तुळात निळा रंग पानभर पसरलेला दिसतो, लाल रंग मधे चिमूटभर. दुसऱ्यात निळा रंग आकसत गेलेला. एक अक्षर न वाचता कुणालाही कळावं की शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच व्यवस्थेने जास्त माणसं मारली. आधीच्या एका आकृतीत तिने आकडे रेषांच्या लांबीवर मांडले होते. त्याने डोळ्याची फसगत होते हे लक्षात आल्यावर क्षेत्रफळावर मोजली जाणारी ही नवी रचना केली. आपली चूक आपणच दुरुस्त करायची सवय इथेही दिसते.

आकड्यांचं चित्र काढणारी ती पहिली नव्हती. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने ते आधीच सुरू केलं होतं. पण कायदा बदलण्यासाठी, दबाव आणण्यासाठी चित्र कसं वापरायचं हे तिच्याकडून शिकावं.

ती तिथेच थांबली नाही. शांततेच्या काळात इंग्लंडमधल्या बराकीत राहणाऱ्या धडधाकट जवानांचे आकडे तिने तपासले. त्याच वयाच्या सामान्य माणसांपेक्षा ते जवळपास दुप्पट मरत होते. दरवर्षी अकराशे जवानांना मैदानात उभं करून गोळ्या घालण्यासारखंच हे आहे, अशा अर्थाचं तिने सुनावलं. मग बराकी सुधारल्या, लष्करी वैद्यकीय शाळा निघाली, लष्करात आरोग्याचे आकडे ठेवणारा विभाग सुरू झाला. १८५८ मध्येच लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. त्या संस्थेची ती पहिली महिला सभासद.

परिचारिकेने काय बघायचं?

युद्ध चालू असतानाच लोकांनी तिच्या नावाने निधी जमवला होता. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्याआधी तिचं रुग्णसेवेवरचं छोटं पुस्तक बाहेर आलं होतं आणि ते धडाधड खपलं. तिचा आग्रह असा होता की परिचारिकेने डोळे उघडे ठेवून नेमकं निरीक्षण करावं. रुग्ण बरा वाटतो असं मोघम सांगून चालणार नाही. किती झोपला, किती खाल्लं, कोणत्या वेळी ग्लानी आली, हे सांगता आलं पाहिजे.

त्याच वर्षी लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे तिने आणखी एक योजना ठेवली. सगळ्या इस्पितळांनी एकाच नमुन्याचे फॉर्म भरावेत. किती आले, कोणत्या रोगाने आले, किती बरे झाले, किती गेले, किती दिवस राहिले. मग कुठलं इस्पितळ चांगलं हे आकड्यांवरून कळेल. काही इस्पितळांनी फॉर्म वापरलेही. पण ते किचकट होते आणि फार काळ टिकले नाहीत. कल्पना मात्र टिकली.

स्वतःचाच वॉर्ड बंद केला

तिच्या आयुष्यातली सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट ही.

१८६१ मध्ये तिच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात सुईणींना शिकवण्यासाठी बाळंतपणाचा एक वॉर्ड सुरू झाला. हेतू चांगला, पैसा चांगला, माणसं शिकलेली. पण बाळंतिणींना सूतिकाज्वर होऊ लागला आणि बायका मरू लागल्या. १८६७ मध्ये वॉर्ड बंद करावा लागला.

तिने कुणावर खापर फोडलं नाही. आकडे गोळा करायला घेतले. इंग्लंडमधले आणि युरोपातले, मोठ्या सूतिकागृहांतले, छोट्या वॉर्डांतले आणि घरी होणाऱ्या बाळंतपणांचे. कामाला काही वर्षं लागली. १८७१ मध्ये तिचं पुस्तक आलं. त्यातून निघालेला निष्कर्ष इस्पितळ चालवणाऱ्यांना झोंबणारा होता. गरिबाच्या खोपटात बाळंत होणारी बाई मोठ्या सूतिकागृहातल्या बाईपेक्षा जास्त सुरक्षित होती. जितक्या बायका एका छताखाली, तितका धोका मोठा.

आपल्या डोळ्यांसमोर आपल्या पैशाने उभं केलेलं काम चुकलं हे मान्य करायला मोठं काळीज लागतं. तिने ते मान्य केलं आणि का चुकलं ते मोजून दाखवलं. इस्पितळाने निदान रुग्णाचं नुकसान तरी करू नये, हा तिचा आग्रह इथे स्वतःलाच लागू झाला.

भारतात न येता भारताचा अभ्यास

ती भारतात कधीच आली नाही. तरी आयुष्याची कितीतरी वर्षं तिने भारतावर घालवली. १८५९ मध्ये भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. तिने प्रश्नावली तयार करून घेतली आणि ती भारतातल्या लष्करी ठाण्यांना गेली. पाणी कुठून येतं? गटार कुठे जातं? एका खोलीत किती माणसं झोपतात? उत्तरांचा ढीग तिच्या घरी येऊन पडला. १८६३ चा अहवाल दोन हजारांहून जास्त पानांचा झाला. इथले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ या प्रमाणात मरत होते आणि बहुतेकांना कुणा शत्रूने मारलं नव्हतं.

त्यानंतर मुंबई, बंगाल आणि मद्रास इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर तिचा जवळचा सल्लागार बनला. दहा वर्षांनी तिने पुन्हा हिशोब मांडला तेव्हा सैनिकांचे मृत्यू हजारी १८ वर आले होते.

सुरुवातीला तिचं लक्ष गोऱ्या सैनिकांवरच होतं, हे खरं. साम्राज्याच्या चौकटीतच ती विचार करायची, हेही खरं. पण आकडे वाचता वाचता तिला कळलं की आजूबाजूचं गाव आजारी असताना छावणी निरोगी राहूच शकत नाही. मग ती दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी कर्ज आणि शेतकऱ्यांच्या हालांवर लिहू लागली. गावाच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

तिचं चुकलंही

तिला देव करायची गरज नाही. रोगजंतूंमुळे आजार पसरतात हे तिने बराच काळ मानलं नाही. ते तिने उशिराने स्वीकारलं. स्कुटारीतले मृत्यू कमी झाले त्यात स्वच्छता आयोगाचा वाटा फार मोठा होता आणि ते श्रेय एकट्या दिव्यावर टाकणं बरोबर नाही. त्याच युद्धात जमैकाहून आलेली मेरी सीकोल स्वतःच्या हिमतीवर सैनिकांची शुश्रूषा करत होती, तिचं नाव मात्र शंभर वर्षं कुणी घेतलं नाही.

१९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणारी फ्लॉरेन्स ही पहिली महिला ठरली. तोवर नजर गेली होती, आठवणही पुसट झाली होती. १३ ऑगस्ट १९१० ला लंडनमध्ये ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायचा प्रस्ताव घरच्यांनी नम्रपणे नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, घरच्यांच्या शेजारी तिला पुरलं. तिच्या इच्छेप्रमाणे दगडावर नावाची फक्त आद्याक्षरं आणि तारखा आहेत.

आज तुम्ही एखाद्या चांगल्या इस्पितळात गेलात तर तिची खूण सापडेल. सिस्टर दर काही तासांनी रुग्णाला कुशीवर वळवते आणि पाठीला जखम झाली का ते फॉर्मवर लिहिते. लघवीची नळी किती दिवस आहे, सलाइनच्या जागेला सूज आली का, कोण पलंगावरून पडलं, याची नोंद होते. फार्मासिस्ट डॉक्टरांची चिठ्ठी तपासतो, दोन औषधं एकमेकांशी भांडतात का बघतो, चुकीचा डोस गेला तर तो लिहून ठेवतो. महिन्याअखेरीस हे आकडे एकत्र करून बघतात. कुठल्या वॉर्डात संसर्ग वाढला? एकाच औषधाची चूक पुन्हा पुन्हा का होते? मग पद्धत बदलतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोजतात.

नातेवाइकांना हे वहीत खरडणं बघून कधीकधी राग येतो. पेशंटकडे बघायचं सोडून सिस्टर लिहीत काय बसल्या, असं वाटतं. पुढच्या वेळी असं वाटलं तर स्कुटारीच्या त्या न जुळणाऱ्या वह्या आठवा. तिथे सेवा करणारे हात कमी पडले तसा हिशोबही कमी पडला होता, आणि तो वेळेवर कुणी मांडला असता तर हजारो पोरं घरी परतली असती.